लातूरला नेण्याचे सबळ कारण

घटस्फोट झाल्यावर नवरा-बायकोत जे शिल्लक राहते, त्याला कायद्यात ‘अल्पवयीन’ म्हणतात. वर्षाराणी आणि सुदर्शन यांच्यात शिल्लक राहिलेल्या अल्पवयीनाचे नाव शिवांगी होते. ती नांदेडला तिसरीत होती. आईच्या ओढणीचे टोक मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येत नसे, आणि रविवारी बाप तिला स्कूटरवर पुढे उभी करून गोदावरीच्या घाटावर नेत असे. तिच्या ताब्याबाबत कोणाचीही तक्रार नव्हती. अशी शांतता सरकारी नोकराच्या घरात फार दिवस टिकत नाही.

वर्षाराणी पाणीपुरवठा खात्यात लिपिक होती. तिची बदली लातूरला झाली. घटस्फोटाच्या कागदात मात्र एक कलम होते: अल्पवयीनाला कोर्टाच्या परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर राहायला नेऊ नये. म्हणजे एका कागदानुसार आईला तातडीने लातूरला हजर व्हायचे होते आणि दुसऱ्या कागदानुसार मुलीला नांदेडातच थांबायचे होते.

वर्षाराणीने रीतसर अर्ज केला. कारण लिहिले: ‘मुलगी माझ्याजवळ राहते व मी लातूरला जात आहे.’ इतके क्षुल्लक कारण वाचून सगळेच दुखावले.

“मंग माझा रविवार?” सुदर्शन म्हणाला. “एसटीत निम्मा दिवस जातो. मी काय लेकराला फोनमधी पाहून राहू का?” तो खोटे बोलत नव्हता. प्रकरण समुपदेशनाला गेले. समुपदेशक महामाया मॅडम हळहळल्या. “तुमच्या सोयीसाठी लेकराची शाळा तोडायची, मैत्रिणी तोडायच्या? बालमनावर परिणाम होतो, ताई.” कंधारहून वर्षाराणीचा भाऊ शेषेराव मुद्दाम समजूत घालायला आला. “बाई, लेकराची फरफट करू नको. बदली रद्द करून घे न्हाईतर नोकरी सोड.” शेषेरावची स्वतःची दोन्ही पोरे पाचवीपासून लातूरच्या वसतिगृहात होती. पण ती शिकायला गेली होती, त्यामुळे ती फरफट नव्हती.

वर्षाराणी रडकुंडीला येऊन वकील गुरुबसप्पांकडे गेली. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

“ताई, आई म्हणून अर्ज केला, तिथंच घोटाळा झाला. लातूरला लेकरू कशाला नेतेत?”

“शिकायला.”

“मंग तसं लिवा की. डॉक्टर करायचंय, नीटची तयारी, फाउंडेशन बॅच.”

“वकीलसाहेब, तिसरीत हाय हो ती!”

“हाव, जरा उशीरच झाला,” गुरुबसप्पा गंभीरपणे म्हणाले.

सुधारित अर्ज दाखल होताच वातावरण पालटले. महामाया मॅडम खुर्चीत सरसावून बसल्या आणि त्यांनी बॅचची वेळ विचारली. बालमनाचा विषय मागे पडला. सुदर्शनच्या वकिलाने अशिलाला बाजूला नेले. “आता नुसतं ‘रविवार’ म्हणून भागत न्हाई. विरोध केला तर पोरीच्या करिअरचा दुश्मन ठरताव.” सुदर्शन घाबरला. त्याने उत्तर दिले की नांदेडातही क्लास आहेत. पुरावा म्हणून त्याने चौकातल्या फलकांचे फोटो जोडले, ज्यांवर गुणवंतांचे चेहरे पासपोर्टच्या आकारात दाटीवाटीने छापले होते. वर्षाराणीनेही लातूरचे फलक जोडले. तिथले चेहरे जास्त होते.

अशा रीतीने शिवांगीने आईबरोबर जावे की बापाच्या रविवारसाठी थांबावे, हा मूळ वाद निकाली निघाला आणि लातूर विरुद्ध नांदेड असा खरा वाद सुरू झाला. प्रथेप्रमाणे मुलीलाही विचारण्यात आले.

“बेटा, तुला कुठं राहायचंय?”

“आईजवळ. आन् रविवारी पप्पाकडं.”

महामाया मॅडमनी कौतुकाने तिचा गाल धरला आणि कागदावर नोंदवले: ‘अल्पवयीनास शैक्षणिक विषयाचे आकलन नाही.’

शेवटी असे ठरले की मुलीची क्षमताच काय ते ठरवील. शिवांगीने एका खाजगी क्लासची निवड चाचणी दिली आणि ती थेट ‘सुपर तारांगण’ बॅचमध्ये निवडली गेली. क्लास लातूरचा होता. वर्षाराणी जिंकली. तिने गुरुबसप्पांना पेढे नेऊन दिले आणि दोन खोल्यांचे घर क्लासशेजारच्याच गल्लीत ठरवले.

पेढे संपायच्या आत नियमावली आली. तारांगण बॅच निवासी होती. वसतिगृह सक्तीचे, आणि आई-वडिलांची भेट महिन्याच्या पहिल्या रविवारी, फाटकाशेजारच्या शेडमध्ये.

“मंग मला न्हाई पाहिजे तारांगण,” वर्षाराणी म्हणाली. “मी शेजारच्या गल्लीत राहून राहिले, लेकरू घरी झोपल की!”

“ताई, तुमचं कारणच शिक्षण हाय,” गुरुबसप्पा म्हणाले. “ शिक्षण नको म्हणलं तर परवानगी कशाची? लेकरू नांदेडलाच राहतं.”

सुदर्शनने तात्काळ संमती दिली. मुलगी त्याला मिळत नव्हती हे खरे, पण ती वर्षाराणीलाही मिळत नव्हती, आणि समान न्याय म्हणतात तो हाच. तडजोडीवर सह्या झाल्या. महामाया मॅडमनी दोघांचे अभिनंदन केले. इतका समजूतदार घटस्फोट त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. मला विचाराल तर त्या शेडमध्ये त्या सगळ्यांना एक दिवस उभे करायला हवे.

आता पहिल्या रविवारी सुदर्शन पहाटेच्या एसटीने येतो. वर्षाराणी शेजारच्या गल्लीतून चालत येते. दोघे एकाच रांगेत, इतर शेकडो आई-बापांबरोबर उभे राहतात. ते सगळे सुखाने नांदणारे आहेत. त्यांनी आपापली मुले नायगावहून, उदगीरहून, माहूरहून आणली, तेव्हा कोणत्याही कोर्टाने त्यांना काही विचारले नाही. शिवांगी आली की आधी आईची ओढणी मुठीत धरते. मागच्या खेपेला तिने ती सोडलीच नाही, तेव्हा वॉर्डनबाईंनी बोटे एकेक करून सोडवली आणि वर्षाराणीला सांगितले, “पुढच्या वेळी बिनओढणीचा ड्रेस घालून या, ताई. लेकराचं लक्ष विचलित होतं.”

वाचून वाईट वाटले ना? वाटणारच. तुमचा मुलगा कितवीत आहे म्हणालात? तारांगणचा पत्ता देऊन ठेवतो. नव्या बॅचचे प्रवेश सुरू आहेत, आणि घटस्फोटाची अट नाही.