तात्पुरत्या पुलाचा सांधा

या जगात कायमचं असं काहीच नाही, हे अध्यात्माने फार पूर्वी सांगून ठेवलं. अंमलबजावणी मात्र बांधकाम खात्याने केली. खात्याच्या ताब्यातल्या लोखंडी कामांपैकी एकसष्ट टक्के कामं तात्पुरती आहेत आणि त्यांतलं सर्वांत तरुण काम नऊ वर्षांचं आहे. (उरलेली एकोणचाळीस टक्के कायमची होती. ती पडली.)

इस्पितळापुढचा पादचारी पूल त्या एकसष्ट टक्क्यांतला. नव्या इमारतीसाठी दारापुढे खड्डा खणला गेला. खड्डा बुजेपर्यंत आजारी पडू नये ही खात्याची विनंती लोकांनी धुडकावल्यामुळे खड्ड्यावर पूल टाकणं भाग पडलं. रोज चार हजार माणसं त्यावरून इस्पितळात जातात. (परत किती येतात, हा इस्पितळाचा प्रश्न आहे, खात्याचा नाही.)

एका सोमवारी खात्याच्या वेल्डिंग तपासनीस बाई पुलाखाली उतरल्या. मधल्या तुळईच्या सांध्यावर त्यांना केसासारखी रेघ दिसली. त्यांनी लाल रंग फवारला, पुसला, वर पांढरी भुकटी मारली. वीतभर लांबीची लाल रेघ उमटली. तडा होता.

पूल ज्याने जोडला तो वेल्डर सोबतच होता. मिस्त्री म्हणून सगळे त्याला ओळखत. त्याने रेघेवरून बोट फिरवलं.

"मॅडम, तासाभराचं काम आहे. तडा खरवडून काढतो, पुन्हा भरतो. तेवढा वेळ पूल बंद ठेवा."

"मग करू या की," असं बाई म्हणणारच होत्या, पण त्यांना फॉर्म आठवला. वेल्ड सदोष ठरवायचं तर रकाना चारमध्ये कोणत्या संहितेच्या कोणत्या कलमाचा भंग झाला ते लिहावं लागतं. रकाना रिकामा असेल तर वेल्ड सदोष नाही. वेल्ड सदोष नसेल तर ते दुरुस्त करणं म्हणजे सरकारी मालमत्तेची नासधूस.

कोणती संहिता लावायची, अशी बाईंनी वर विचारणा केली. सात जणांची समिती बसली.

समितीपुढे तीन संहिता होत्या. इमारतींची लावावी, तर पुलाला छप्पर नाही. पुलांची लावावी, तर ती वाहनांच्या पुलांसाठी आहे आणि इथे जड वाहन म्हणजे स्ट्रेचर. तिसरी पातळ पत्र्याची. ती तुळईला लागू होत नाही, पण तिचं पुस्तक सर्वांत लहान असल्यामुळे तिच्या बाजूने तीन मतं पडली. चौथ्या बैठकीत एका सदस्याने मूळ मुद्द्याला हात घातला: तात्पुरत्या कामाला संहिता लागते का? मग तात्पुरतं म्हणजे काय, ते पाहण्यात आलं. 'तात्पुरते: जे कायम नाही ते.' कायमची व्याख्याही काढली. 'कायम: जे तात्पुरते नाही ते.' दोन्ही व्याख्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात, याबद्दल समितीने समाधान नोंदवलं.

दर सोमवारी बाई तडा मोजून आकडा कळवत. वीत. वीत आणि दोन बोटं. वीत आणि चार बोटं. इतिवृत्तात हे आकडे 'प्रगती' या मथळ्याखाली लिहिले जात. पहिल्या अहवालानंतर समितीचे सातही सदस्य इस्पितळात मागच्या रस्त्याने जाऊ लागले, हा मात्र योगायोग समजावा.

बाईंचे सासरे दर मंगळवारी गुडघ्याच्या व्यायामासाठी इस्पितळात जात. बाईंनी त्यांनाही मागचा रस्ता सांगितला होता. तो दीड किलोमीटर लांब पडतो आणि त्यांचा तर गुडघाच दुखतो.

अकराव्या मंगळवारी चहा पिताना ते म्हणाले, "सूनबाई, पूल वाईट आहे ना?"

"निर्णय व्हायचाय, बाबा."

"मला सांगितलंस ते बरं केलंस." त्यांनी कप खाली ठेवला. "बाकीच्यांना कोण सांगणार? त्यांना सून नाही?"

बाईंनी अर्धा चहा तसाच ठेवला. त्या उठल्या आणि मिस्त्रीला फोन लावला.

साडेदहाला दोघांनी पुलाच्या दोन्ही टोकांना दोर बांधला. 'धोका' अशी पाटी लावली. पहिल्या पाच मिनिटांत एकोणीस जणांनी दोर ओलांडला. त्यातल्या एकाने पाटी वाचली आणि 'धोका'चा 'धो' बारीक काढलाय असं सांगून मग ओलांडला. शेवटी बाई स्वतः दोन्ही हात पसरून वाटेत उभ्या राहिल्या.

खाली ग्राइंडरचा आवाज बराच वेळ चालला. मग थांबला.

"मॅडम, जरा बघता का?" मिस्त्रीचा आवाज उतरला होता.

इस्पितळाच्या पहारेकऱ्याला वाटेत उभं करून बाई उतरल्या. वरून केसासारखा दिसणारा तडा आतून चारपैकी तीन भाग गेला होता. चौथ्या भागावर चार हजार माणसं चालत होती.

"हा आठवडा निघाला नसता," मिस्त्री म्हणाला. उरलेला तडाही त्याने खरवडून काढला. मग त्याने थर लावून सांधा भरला. बाईंनी पुन्हा रंग मारून पाहिला. रेघ उमटली नाही. बारा वाजता दोर सुटला. बाईंनी सासऱ्यांना फोन केला, "बाबा, आज पुलावरूनच जा." आणि मग पुलाखाली एकट्याच उभ्या राहून डोळे पुसले.

समितीने तातडीची बैठक बोलावली. ठराव तीन झाले. एक, विचाराधीन तड्याला हात लावून समितीच्या कामात अडथळा आणला गेला आहे. दोन, तडा नष्ट झाल्याने अभ्यास अपुरा राहिला, सबब तो पूर्वस्थितीत आणण्याचा खर्च काढावा. तीन, बाईंना तात्पुरतं निलंबित करावं. (त्यासाठी कोणती संहिता, हा प्रश्न कुणाला पडला नाही.) मिस्त्रीला त्याच दिवशी कामावरून काढलं.

तरीही निलंबन टिकलं नसतं. अध्यक्षसाहेबांनाही ते जड वाटत होतं. 'बाईंनी माणसं वाचवली असं उद्या कुणी म्हणालं तर?' असं ते खासगीत बोलले. पण कुणी म्हणालं नाही. जनतेकडून त्या दिवसाबद्दल चारशे बारा पत्रं आली. तड्याविषयी एकही नव्हतं. सगळी दीड तास पूल बंद ठेवल्याबद्दल होती. त्यातलं एक इतकं मुद्देसूद होतं, की निलंबनाच्या आदेशात ते जसंच्या तसं उतरवून घेतलं: 'जिवाची एवढीच भीती असेल तर बाईंनी घरी बसावे. आम्हाला कामे असतात.'

खालची सही गिचमिड आहे. फोन नंबर मात्र सुवाच्य आहे. आभार मानायला खातं आज दुपारी त्याच नंबरावर तुम्हाला फोन करणार आहे. उचला.