एकशे ऐंशी मैल आणि तीस पौंड

अलास्कातल्या आमच्या कोट्झेब्यूहून नोम फक्त एकशे ऐंशी मैल. रस्ता नाही, पण विमानानं तास-सव्वा तास. तेव्हा मेहुणीचं लग्न दुपारी चारला असताना आदल्या दिवशी जाऊन सासूबाईंच्या सोफ्यावर अंग मोडून घ्यायचं कशाला, असा मी हिशेब केला. (माझा हिशेब पक्का असतो. शाळेच्या कचेरीत कारकून आहे मी.)

"आणि वारा सुटला म्हणजे?" माझी बायको बॉनी म्हणाली. "लिडियाला वडील नाहीत. तिचा हात धरून नवरदेवापर्यंत तुलाच चालायचंय, लक्षात आहे ना?"

"सकाळी निघू, जेवायला नोममध्ये!"

विसरेन कसा? लिडिया लहानपणी माझ्याच बोटाला धरून हिंडायची. तिच्या लग्नासाठी मी नवे बूट घेतले होते.

आमच्याकडची विमानं म्हणजे नऊ माणसांची. तिकिटाबरोबर वजनही विचारतात, तेही खणखणीत आवाजात. काउंटरवर डार्ला होती.

"बॉनीताईंचं वजन?"

बॉनी माझ्या खांद्याला खांदा लावून उभी. खरं वजन एकशे सत्तर पौंड. पण लग्नाच्या दिवशी घरात महाभारत नको, म्हणून मी म्हणालो, "एकशे चाळीस."

बॉनी चक्क लाजली. (अठरा वर्षांत दुसऱ्यांदा.)

पण विमान पडता कामा नये ना! म्हणून उरलेले तीस पौंड मी स्वतःच्या दोनशे दहात मिळवले. "माझं दोनशे चाळीस."

डार्लानं मला खालीवर पाहिलं. "कोटात लपतं हो तुमचं."

थोड्या वेळानं वैमानिक अर्ल कागद घेऊन आला. "समोरून वारा आहे. वेळ जास्त, म्हणजे इंधन जास्त. तीस पौंड भार उतरवावा लागेल."

मेजवानीसाठी नेत असलेल्या आमच्या कॅरिबू हरणाच्या मांसाचं खोकं बरोबर तीस पौंडांचं होतं. मी त्याच्याकडे आशेनं पाहिलं.

"त्याला हात लावायचा नाही," बॉनी म्हणाली. "आईनं शंभर माणसं बोलावलीत."

"मग हे दोनशे चाळीसवाले कोण?" अर्लनं विचारलं.

खरं सांगायला मी तोंड उघडलं. शेजारी बॉनी, गालांवरची लाली अजून तशीच. मी तोंड मिटलं.

"अगं, पण लिडियाचा हात कोण धरणार?"

"धरीन मी. आणि तू जरा कमी खात जा रे!"

घरात ज्याच्या शब्दाला काडीचं वजन नाही, त्याला वजन जास्त म्हणून विमानातून उतरवलं. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. आमचं विमान ढगात शिरेपर्यंत मी नवे बूट घालून पाहत उभा राहिलो. खरंच वाईट वाटलं.

डार्लानं कॉफी आणून दिली. न राहवून मी तिला सगळं खरं सांगून टाकलं.

"अरे देवा!" ती म्हणाली. "नवऱ्यानं बायकोचं वजन सांगितलं की आम्ही त्यात तीस पौंड आपले आपणच मिळवतो."

"म्हणजे ते तीस पौंड दोनदा धरले?"

"हो ना. नाहीतर तुम्ही आत्ता हवेत असता."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बॉनीताईंसमोर?" डार्ला म्हणाली. "मला या गावात राहायचंय!"