रेघ तिथे भिंत

विटांना रविवार नसतो.

जेसीबीवाल्याला कितीही डुलकी लागलेली असो, पांढरी रेघ दिसली की तो खाडकन जागा होतो.

भाचा ही एक शैक्षणिक पात्रता आहे.

गच्चीवरून ओरडलेलं खाली नुसतं हातवारे होऊन पोहोचतं.

या चार गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मलाही वाटलं नव्हतं. आता वाटतं!

तर मंडळी, मी साइट सुपरवायझर. माझ्या डोळ्यांदेखत इतक्या इमारती उभ्या राहिल्यात, की मी नुसतं रोखून बघितलं तरी पाया घाबरून सरळ होतो! पण साहेब म्हणाले, "तुम्हाला साइट इनचार्ज करतो. फक्त तो बांधकामवाल्यांसाठीचा आराखडा आणि नियोजनाचा कोर्स तेवढा पास व्हा. नाहीतर माझा भाचा आहेच."

या भाच्याने आजवर उभं केलेलं एकमेव बांधकाम म्हणजे त्याच्या डोक्यावरचे केस!

"डाव्या हाताने पास होतो!" मी बायकोला म्हणालो.

"कपाट बसवतानाही हेच म्हणाला होतात. अजून भिंतीकडे तोंड करून उभंय बिचारं."

कॉलेजात दर रविवारी भरणाऱ्या या वर्गात सगळे आमच्यातलेच. गवंडीकाका, प्लंबर, वायरमन, आणि वर्गालाही जेसीबी घेऊन येणारा जेसीबीवाला. शेवटच्या रविवारी मॅडमनी सांगितलं, "कॉलेजच्या चौकीदारासाठी एक खोली आखा. संध्याकाळी आराखडा बघेन. त्यावरच पास-नापास ठरेल. आणि स्केल सांभाळा! कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर."

"मॅडम, एवढ्याशा खोलीत चौकीदार मावायचा कसा?" मी विचारलं.

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले.

कागदावर माझी खोली कधी काडेपेटी व्हायची, कधी कागदाबाहेर जायची. मग डोकं चाललं! मैदानावर चुन्याची फक्की मारून खोली खऱ्या मापाची आखायची, गच्चीवरून फोटो काढायचा आणि तो कागदावर उतरवायचा. खोली तीच, फक्त लांबून बघितलेली. स्केल म्हणजे आणखी काय असतं?

फक्की मारली. कडेने अशी सरळ रेघ, की रेघेलाच स्वतःचा अभिमान वाटावा! आत-बाहेर चार फेऱ्या मारून बघितल्या. ऐसपैस! मग फोन घेऊन गच्चीवर गेलो.

खाली बघतो तर जेसीबीचा दात माझ्या रेघेत!

"अरे थांब!" मी दोन्ही हात हलवले.

जेसीबीवाल्याने अंगठा दाखवला आणि आणखी खोल घेतलं.

जिने उतरून धापा टाकत पोहोचलो, तोवर चारी बाजूंनी चर तयार! "तुला कुणी सांगितलं खणायला?"

"रेघ होती की!" तो माझ्याकडे असा बघत होता, जणू भूक लागल्यावर जेवू का, असं मी विचारलंय.

एवढ्यात मागून प्राचार्य आले. मी मान खाली घातली. "वा!" ते ओरडले. "कागदी घोडे नाहीत, थेट प्रात्यक्षिक! कुणाची कल्पना?"

माझ्या डोळ्यांपुढून भाच्याचे केस तरळून गेले. "माझीच, सर."

"संध्याकाळी उद्घाटन करू! संस्थेच्या अध्यक्षांना बोलावतो."

आता माघार कसली? कुंपणासाठी आणलेल्या विटा होत्या, सिमेंट होतं, आणि सकाळपासून पेन्सिली कुरतडत बसलेला अख्खा वर्ग होता. सगळे तुटून पडले! गवंडीकाका आत उतरले आणि भिंत अशी चढली, की बघणाऱ्याची मान दुखावी.

संध्याकाळी अध्यक्ष आले. हार आला. प्राचार्य लाल रिबीन घेऊन खोलीला एक फेरी मारून आले. मग दुसरी.

"बांधू कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्हणजे?"

"अहो, दार कुठंय?"

भिंतीपलीकडून गवंडीकाकांचा आवाज आला, "तेच म्हणतोय मी मघापासून! मला बाहेर काढता का कुणी?"

"काका, बांधताना बोलायचं नाही का?"

"मला वाटलं, पाण्याची टाकी आहे!"

"मला वाटलं, मीटरची खोली. दार मागाहून फोडतील," वायरमन म्हणाला.

प्लंबर म्हणाला, "मला काहीच वाटलं नाही. मी पाइप टाकला."

"विचारायचं तरी!"

"साइटवर कधी विचारतो का आपण?" जेसीबीवाला म्हणाला. यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

मॅडम शांतपणे पुढे आल्या. "यात चौकीदार शिरणार कुठून?"

"मॅडम, मी तर सकाळी चांगला आत-बाहेर करत होतो!"

"फक्कीवरून?"

शिडी आली. गवंडीकाका भिंतीवरून उतरत असताना अध्यक्षांनी फोटोची वेळ टळू नये म्हणून शिडीलाच रिबीन बांधून कापली. टाळ्या झाल्या. मी नापास झालो. सोमवारी भाचा इनचार्ज झाला, आणि पहिल्याच दिवशी त्याने मला चहा आणायला पाठवलं.

लेखी परीक्षा आदल्या आठवड्यात झाली होती. 'खोलीचे दार कोठे असावे, सकारण लिहा' या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते.