सातव्या मैलावरचं निदान

महाडच्या बाजारपेठेत विसूभाऊ वैद्यांकडे जाणाऱ्यानं एक काळजी घ्यायची असे. हातात पडलेली गोळी आधी दाताखाली धरून बघायची. कुडपणहून डोंगर उतरून आलेल्या एका म्हाताऱ्यानं ती काळजी घेतली नाही. आठ दिवसांनी तो परत आला.

"वैद्यबुवा, मागली गोळी लय कठीन व्हती. चावंना, म्हनून गिळली. पन पोट कसं साफ झालं बगा! आनखी चार द्या."

विसूभाऊंनी बरणीत डोकावून पाहिलं. आत गाडीच्या बेअरिंगचे छर्रे होते. त्यांनी शांतपणे झाकण लावलं. "एकच मात्रा पुरे," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळून हळूच पुटपुटले, "उजव्या चाकाला एक छर्रा कमी का पडत होता, ते आत्ता कळलं, गुरुजी."

मी तेव्हा शाळेत गणित शिकवायचो आणि विसूभाऊंच्या शेजारी राहायचो. औषधाच्या बरणीत छर्रे का, हे सांगायचं तर गाडीपासूनच सुरुवात करायला हवी. नदीवर पूल बांधायला आलेल्या एका गोऱ्या इंजिनियरचं जुनाट पोट विसूभाऊंनी बरं केलं होतं. विलायतेला परतताना साहेब आपली गाडी त्यांना देऊन गेला. दोन माणसांची, बुटकी, वाऱ्यासारखी पळणारी आणि बिनछपराची. छपराच्या नावानं एक कॅनव्हासची घडी होती, तिच्यात उंदरांनी संसार मांडला होता. ज्या गावात चार महिने माणसं परसाकडेसुद्धा छत्री घेऊन जातात, त्या गावात बिनछपराची गाडी बाळगणारे विसूभाऊ एकटेच.

सावित्रीला पूर आला की पाणी आमच्या आळीत शिरायचं. म्हणून मृगाच्या आधी, इतर घरं लाकूडफाटा आणि सुक्या मासळीची बेगमी करत तेव्हा, विसूभाऊ गाडी उकलायला बसत. इंजिन घोंगडीत गुंडाळून माळ्यावर जाई, चाकं आढ्याला टांगली जात, दारं देवघरात. सांगाड्यावरचा पत्रा इतका हलका की आम्ही चौघं तो पालखीसारखा उचलून न्यायचो. बारीक सामान औषधाच्या रिकाम्या बरण्यांत. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या जुन्याच. कुठल्या बरणीत काय आहे हे एका उमावहिनींना, म्हणजे विसूभाऊंच्या बायकोला, ठाऊक, कारण बरण्या त्या पुसायच्या. नवरात्रात सगळं परत जोडून खंडेनवमीला गाडी पूजेला उभी राहायलाच हवी. दरवर्षी जोडून झाल्यावर दोन-चार बोल्ट उरत. "माणसाच्या शरीरातही काही अवयव उगाचच असतात," असं म्हणून विसूभाऊ ते खिशात टाकत.

गाडीवरचे त्यांचे उपचार वैद्यकीच्या बाहेर जात नसत. ते आधी बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटत. मग एकदम मांडीवर थाप मारून ओरडत, "निदान झालं!" कार्ब्युरेटर तुंबला तर त्याला कफ झालेला असे. बॅटरी बसली तर मंदाग्नी. सायलेन्सर फुटला तेव्हा त्यांनी काय निदान केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पेट्रोल ते काढ्यासारखं तीनपदरी फडक्यातून गाळत. प्लग घासायला दंतमंजन वापरत. व्हॉल्व घासायची पूड खलात घोटत, आणि त्याच खलात दुसऱ्या दिवशी माझ्या खोकल्याचं चाटण घोटलं गेलं. मला आठ दिवस खोकला आला नाही, ही गोष्टही सांगितली पाहिजे.

हा सगळा आटापिटा भाऊबिजेसाठी चाले. वहिनींचं माहेर पोलादपूरला, म्हणजे अकरा मैलांवर. त्यांना एकच भाऊ. एस्टी रोज जायची, पण विसूभाऊंना ते मंजूर नव्हतं. "घरात गाडी असताना वैद्याची बायको एस्टीच्या बाकावर कोंबड्यांशेजारी बसणार?" पहिली काही वर्षं गाडी रखडत का होईना, पोचायची. नंतर मात्र लागोपाठ तीन वर्षं ती सातव्या मैलाच्या दगडापाशी बंद पडली. पुढे नाही, मागे नाही. तिथूनच बैल लावून परत आणावी लागे. हत्यारांची पिशवी घेऊन सायकलवर सोबतीला मी असायचो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी अख्खी पेठ मला विचारायची, "काय गुरुजी, यंदा कुठवर?"

"सातवा मैल," मी सांगायचो, आणि मग तासभर खिदळणं चाले. त्यात मीही सामील असायचो, लपवण्यात अर्थ नाही.

तिन्ही वर्षं विसूभाऊंचं निदान एकच होतं. रोटरला अशक्तपणा! हा रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा, डोक्यावर पितळेची पट्टी. तो फिरला नाही तर प्लगपर्यंत ठिणगी पोचत नाही. आता मी पडलो गणिताचा मास्तर. तीन वेळा एकच उत्तर आलं की ते बरोबर समजायचं. चौथ्या वर्षी दिवाळीआधी मुंबईला गेलो होतो. जुन्या सामानाचा बाजार दोन दिवस पालथा घातला आणि तस्साच रोटर शोधून आणला. भाऊबिजेपर्यंत कुणाला बोललो नाही. वहिनींना यंदा भावाच्या दारात उतरवायचंच, असा माझा निर्धार.

भाऊबिजेला वहिनी ओवाळणीचं तबक मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. सातव्या मैलाला विसूभाऊंनी "इंजिनाला विसावा" म्हणून गाडी थांबवली, बॉनेट उघडून आत वाकले आणि जरा वेळानं बटण दाबलं. गाडी नुसतीच कण्हली. रस्त्याकडेला, दरवर्षी गाडी ओढून आणणारा पांडू बैल घेऊन आधीच बसलेला होता.

"ह्या साली दोर नवा आनलाय, वैद्यबुवा," तो म्हणाला. "मागला जुना झाला व्हता."

तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला.

"निदान झालं!" विसूभाऊ म्हणाले. "रोटर!"

मी खिशातून पुडी काढली आणि त्यांच्यासमोर सोडली. "हा घ्या नवा. चला पोलादपूर!"

विसूभाऊंचा चेहरा उतरला. ते रोटरकडे बघत राहिले. "याचा गुण... अनोळखी औषध एकदम देऊ नये, गुरुजी," ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. मग पाणी आणतो म्हणून डबा घेऊन ते नदीकडे उतरले. मी मागे जायला निघालो तर वहिनींनी हाक मारली.

"थांबा. जाऊ द्या त्यांना." त्या गाडीतून उतरल्या. "माझ्या भाच्याच्या लग्नात यांनी काय केलं ठाऊक आहे? भर पंगतीत नव्या व्याह्यांची नाडी धरली आणि ओरडले, निदान झालं, मूळव्याध! साऱ्या मांडवानं ऐकलं. भावानं चिठ्ठी धाडली. यापुढे तू नि तुझा वैद्य, दोघांनी माझा उंबरा चढायचा नाही. यांनी ती माझ्यापासून लपवली."

"मग तुम्हाला..."

"कुठे लपवली? तर औषधाच्या बरणीत." वहिनी हसल्या. "बरण्या कोण पुसतं, गुरुजी? आणि गाडीतला खरा रोटर आत्ता यांच्या कोटाच्या खिशात आहे. दरवर्षी कोट धुवायला घेताना मीच तो बाहेर काढते, आणि कोट वाळला की परत ठेवते. भावाच्या बंद दारापुढे मला उभं राहायला लागू नये म्हणून बिचारे चार गावांत हसं करून घेतात. घेऊ द्यावं."

 तीन वर्षं मी पेठेत या माणसाच्या नावानं हसलो होतो. फार लाज वाटली.

"बसा त्या दगडावर," वहिनी म्हणाल्या. "तबक घेऊन निघालेय, ते तसंच परत नेणार नाही."

वारा होता, म्हणून उघड्या बॉनेटच्या आडोशाला निरांजन लावलं. मी सातव्या मैलाच्या दगडावर बसलो, डोक्यावर रुमाल टाकला. वहिनींनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. ओवाळणी काय घालू? खिसे चाचपले, हातात होता तो रोटरच तबकात ठेवला. वहिनींनी तो पदराच्या गाठीत बांधला. मग पांडूलाही बसवून ओवाळलं. तो बैलाचा दोर काही सोडेना.

विसूभाऊ पाण्याचा डबा घेऊन चढ चढून आले तेव्हा निरांजन जळत होतं. त्यांनी माझं कपाळ पाहिलं, पांडूचं पाहिलं, वहिनींच्या पदराची गाठ पाहिली. आता मांडीवर थाप पडणार, असं मला वाटलं.  पण ते कोटाचा खिसा मुठीत धरून उभे राहिले. वहिनींनी त्यांच्या हातातला डबा घेतला आणि करंजी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी मी पेठेतून जात होतो. वाण्यानं दुकानातूनच विचारलं, "काय गुरुजी, यंदा कुठवर?"

"पोचली माहेरी," मी म्हणालो.

कुणाचाच विश्वास बसला नाही.