गबाजी अस्वल आणि शेळीची किडनी

एका जंगलात, बाळांनो, गबाजी नावाचं अस्वल राहत होतं. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मधसुद्धा नकोसा झाला. अस्वलाला मध नको, म्हणजे मामला गंभीरच.

शेजारच्या शेवंता शेळीने आपली एक किडनी दिली. डॉक्टर कासवाने ती गबाजीला बसवली. मग त्याच्यापुढे गोळ्या मांडल्या.

"गबाजीराव, अंगातले पहारेकरी परकी किडनी दिसली की तिच्यावर तुटून पडतात. ही स्टेरॉइडची गोळी त्यांना थंड करते. ही दुसरी त्यांना एकमेकांना हाका मारू देत नाही. तिसरी नवी भरती रोखते. रक्त तपासून मात्रा कमी-जास्त करू, पण बंद करायची नाही. आणि गर्दी टाळा. पहारा ढिला असला की साधं पडसंही अंगावर येतं."

"घेईन," गबाजी म्हणाला.

"घ्याच," शेवंता म्हणाली. "किडनी माझी आहे."

वर्षभर छान गेलं. गबाजी झाडावर चढू लागला. मग एकदा खोकडबुवा भेटले. बुवा आरोग्यावर प्रवचनं देत. त्यांना स्वतःला खरूज होती, पण ते शाल पांघरत.

"प्रतिकारशक्ती कमी करायच्या गोळ्या?" बुवा किंचाळले. "अहो, सगळं जंगल ती वाढवतंय! माझा एकवीस मुळ्यांचा काढा घ्या."

गबाजीला पटलं. त्याने गोळ्या वारुळात टाकल्या आणि काढा ढोसला.

दोन आठवड्यांत ताप आला. लघवी कमी झाली. पाय खांबासारखे सुजले. शेवंता बघायला आली आणि भडकलीच.

"माझी किडनी काय खेळायला नेली होती?" असं म्हणत तिने त्याला शिंगांनी ढकलत दवाखान्यात नेलं.

कासव आयुष्यात पहिल्यांदा धावलं. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस दिले. गोळ्या पुन्हा सुरू केल्या. किडनी वाचली, जरा अशक्त झाली, एवढंच. गबाजी हमसून हमसून रडला. शेवंतापुढे त्याने दोन्ही कान धरले.

स्टेरॉइडने गबाजीचं तोंड मात्र गोल गरगरीत झालं. भूक दुप्पट झाली.

"काय तेज आलंय हो!" जंगल म्हणालं.

"आमचा काढा," खोकडबुवा म्हणाले.

"अहो, काढ्यानेच मरत होतो मी!" गबाजी ओरडला.

"बघा, आवाजही सुधारला!" सगळे म्हणाले.

जंगलाने बुवांचा जाहीर सत्कार केला. हार घालायचा मान शेवंताला दिला. तिने हार तिथेच खाऊन टाकला.

तात्पर्य: रोग्याला वाचवण्यात वेळ घालवू नये. तो वाचला की त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं.