ड्वेनच्या बाकाच्या खाचा

मार्लिसच्या आईच्या स्मरणार्थ चर्चला बाक द्यायचं ठरलं, तेव्हा "विकतचं आणू या" असं मार्लिस एकदाच म्हणाली. तिचा नवरा ड्वेन स्केल्बी याने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने चर्चच विकायला काढलं आहे.

ड्वेन जन्मभर विमा विकून निवृत्त झाला होता आणि आता गॅरेजमध्ये सुतार झाला होता. मिनेसोटाच्या हिवाळ्यात गाडी बाहेर बर्फात आणि आत उबेला यंत्रं. बाक लहानसंच, दारापाशी बसून बूट काढण्यापुरतं. पण आडव्या पट्ट्या बसवायला पायांना खाचा पाडायच्या, तर खाचा कोरणारं राउटर यंत्र नुसतं हाताने कसं चालवायचं? त्याला आधी साचा हवा. ड्वेन तीन आठवडे साचाच करत होता.

"बाक कुठंय?" मार्लिसने विचारलं.

"साचा झाला की बाक झालंच समज. चूक व्हायला जागाच नाही!"

ते खरंच होतं. साच्याने चारही पायांना तंतोतंत एकाच जागी खाचा पाडल्या. शेजारचा वेंडेल कॉफीचा मग घेऊन बघायला आला. त्याने पाय उभे करून पाहिले.

"ड्वेन, यातले दोन डावे, दोन उजवे हवेत ना?"

"मग?"

"तुझे चारही डावेच आहेत. या दोघांच्या खाचा बाहेर रस्त्याकडे बघतायत."

ड्वेनने साचा उलटवून त्या दोन पायांना आतून नव्या खाचा पाडल्या. बाहेरच्या बुजवायला पायांच्याच पांढऱ्या मेपल लाकडाचा तुकडा उरला नव्हता, म्हणून काळसर अक्रोडाचं लाकूड ठोकलं. पांढऱ्या पायाला किडका दात आल्यासारखं दिसू लागलं.

"दोघांनाच ठिगळ असलं तर चूक दिसते," वेंडेल म्हणाला. "चौघांना असलं की नक्षी."

म्हणून ड्वेन चांगल्या पायांना मुद्दाम चुकीची खाच पाडायला गेला. पण आता सवयीने त्याने साचा आधीच उलटवला, आणि खाच भलत्याच बाजूला पडली. मग तिला जोड म्हणून बाकीच्यांना तशीच; त्या पाडताना पुन्हा चूक, पुन्हा जोड. शनिवारी चारही पायांवर चौकोनी ठिगळंच ठिगळं होती.

"आईला बूट काढायलाही लाज वाटली असती," मार्लिस डोळे पुसत म्हणाली.

रविवारी पास्टर इंग्रिडबाईंनी बाकावर हात ठेवला आणि खाली वाकून पाहिलं.

"प्रत्येक पायावर तीन चौकोन! पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा! ड्वेन, किती विचारपूर्वक केलंत हो!"

सगळं चर्च हेलावलं. ड्वेनने क्षणभर मार्लिसकडे पाहिलं आणि नम्रपणे मान खाली घातली. "सुचलं आपलं," तो पुटपुटला. चर्चच्या पुढच्या सभेत साच्यावर चार शब्द बोलायचंही त्याने कबूल करून टाकलं.

इतक्यात मार्लिसची बहीण आर्लीन बूट काढायला बाकावर बसली, वाकली आणि थबकली.

"पास्टर, या मागच्या पायावर चार आहेत. हा चौथा कोण?"

पास्टरबाईंनी पुन्हा वाकून बोटाने मोजले.

"तो होय?" मागून वेंडेल म्हणाला. "तो ड्वेन."