दोन-दोनचा हात

इथे अमेरिकेत, शुगर लँडमधल्या आमच्या शेजारच्या मनोहरकाकांना नवीन बाईची ओळख करून दिली, की ते आधी तिच्या हाताकडे बघतात आणि मग तिच्या बांगडीचं माप सांगतात. माझ्या बायकोला पहिल्याच भेटीत म्हणाले, "दोन-सहा. पण तुम्ही दोन-चारच्या घालता, म्हणून पंजा सोललाय." घरी आल्यावर मेधा म्हणाली, "आगाऊच आहे म्हातारा." मग कपाटातला बांगड्यांचा डबा काढून बघितला. सगळ्या दोन-चारच्याच होत्या.

गैरसमज नको. काका जन्मभर तेलकंपनीत पाइपलाइनी डिझाइन करून रिटायर झाले, पण मूळचे कासार. साताऱ्याकडच्या एका बाजारपेठेत वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि बायकांच्या हातात बांगड्या भरायला बसायचं. तिथलं एक वाक्य त्यांच्या तोंडात कायमचं बसलं, "हात सैल सोडा." ते कोणालाही, कशावरही हेच म्हणतात. फ्रीवेवर मी स्टिअरिंग घट्ट धरलं, "हात सैल सोड." मुलगा कॉलेज सोडतो म्हणाला आणि मी घर डोक्यावर घेतलं, "हात सैल सोड." माझी नोकरी गेली तेव्हाही तेच. त्या वेळी मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

काकू जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून काकांना कातळचित्रांचं वेड लागलं. वर्षातून एकदा युटाच्या वाळवंटात जायचं, उन्हात मैलोन्मैल चालायचं आणि कोण्या एके काळी कोणीतरी खडकावर काढून ठेवलेलं बघून परत यायचं. आम्ही म्हटलं, बरंय, जीव रमतोय माणसाचा.

यंदा त्यांच्या मुलीचा पार उत्तरेकडून, ईडन प्रेरीहून मला फोन आला. "काका, बाबांचा गुडघा पूर्ण गेलाय, तरी पुन्हा तिकडे चाललेत. नेक्स्ट मंथ मी त्यांना इकडे शिफ्ट करतेय. ही लास्ट टाइम. प्लीज त्यांच्यासोबत जा ना, आणि फार चालू देऊ नका."

मला पार्किंगपासून दुकानाच्या दारापर्यंत चालायचं जिवावर येतं. पण पोरीला नाही कसं म्हणणार? गेलो.

हवा इतकी कोरडी की तासाभरात ओठ फुटले. खुरटी झाडं, लाल खडक, आणि उंचावर असल्यामुळे चार पावलांत धाप. काका काठी टेकत पुढे आणि मी त्यांच्या नावानं खडे फोडत मागे. पहिल्या कातळावर मेंढ्या होत्या, शिंगवाली माणसं होती. मी फोटो काढायला थांबलो, तर काका बघायलाही तयार नाहीत. "ते सगळं इंटरनेटवर आहे. पुढे चल, हात बघायचेत."

पुढच्या कपारीत हाताचे ठसे होते. लाल, पांढऱ्या मातीत पंजे बुडवून खडकावर उमटवलेले. काका कपारीसमोर बांधलेल्या साखळीच्या अलीकडे उभे राहिले, एक डोळा मिटला आणि सुरू झाले. "दोन-सहा. ही दोन-आठ, दळणारी बाई आहे, पंजा बघ कसा रुंदावलाय. हा बाप्या. ही दोन-चार, बोटं ताणून धरलीयेत. हात सैल सोड गं बाई." शेजारी एक अमेरिकन जोडपं होतं. त्यांना वाटलं, कोणीतरी मोठे संशोधक आहेत. दोघांनी अदबीनं जागा करून दिली. मला हसू आवरेना.

"इथेही नाही," काका म्हणाले.

"काय नाही?"

"दोन-दोन."

एका झाडाच्या टीचभर सावलीत आम्ही मेधानं दिलेले धपाटे काढले. काकांनी गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा टम्म सुजला होता.

"दोन-दोन म्हणजे मोठ्या बाईचं सगळ्यात लहान माप," ते म्हणाले. "बाबांच्या दुकानात त्या मापाचा एकच डबा असायचा. मी कॉलेजातून सुट्टीला आलो होतो, बाबा जेवायला गेलेले. ही, तुझी काकू, आईबरोबर आली. मी चार बांगड्या फोडल्या रे. नुसता हात धरून बसलो. शेवटी तीच म्हणाली, 'तुम्हीच जरा हात सैल सोडा की.'"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"हिच्या ऑपरेशनच्या दिवशी नर्स म्हणाली, बांगड्या काढा. मी सगळ्या काढल्या, एकही न फोडता. ऐटीत. आमच्यात हात उघडा ठेवत नाहीत. नव्या भरेपर्यंत बाबा मनगटाला हळदीचा दोरा बांधायचे. हिनं विचारलं, 'दोरा बांधता का?' मी म्हटलं, खुळी आहेस का, संध्याकाळी परत भरतो की." काकांनी हातातल्या धपाट्याची घडी घातली. "संध्याकाळी तिला शेवटचं सजवताना बायका म्हणाल्या, तुम्हीच भरा. मला तिचा हात धरवला नाही. इतका सैल तो कधीच नव्हता. मग कोणीतरी आपल्याच घरच्या भरल्या. दोन-सहाच्या. कासाराच्या बायकोच्या हातातनं बांगड्या गळत होत्या."

धपाटा माझ्या हातात तसाच राहिला. मघाशी हसलो त्याची लाज वाटली. शेवटची कपार अजून अर्धा मैल होती आणि मी पोरीला शब्द दिला होता.

"चला," मी म्हणालो.

अर्ध्या मैलाला आम्हाला तास लागला. त्या कपारीत साखळी नव्हती, माणूस नव्हतं. ठसेही पाच-सहाच. अगदी कोपऱ्यात, खाली, एक लहानसा पांढरा पंजा होता. काका त्याच्यासमोर कसेबसे खाली बसले.

"पोराचा असेल काका."

"पोराच्या अंगठ्याचं बूड असं भरत नाही. बाई आहे." मग एक डोळा मिटून, "दोन-दोन."

त्यांनी पाठपिशवीतून एक पायमोजा काढला. त्यात एक हिरवी काचेची बांगडी होती. मी घाईनं पुढे झालो. "काका, खडकाला हात लावायचा नाही हं."

"कळतं मला. बाजूला हो, ऊन अडवतोयस."

मी सरकलो. ऊन कलतं होतं, सरळ कपारीत येत होतं. काकांनी दोन बोटांत बांगडी धरली आणि खडकापासून वीतभर अंतरावर नेली. खडकावर हिरवट, गोल सावली पडली. ती सावली त्यांनी बोटांवरून सावकाश खाली आणली. पंज्याच्या रुंद भागाशी थांबले, बांगडी किंचित कलती केली आणि तिथून पुढे सरकवली, दुकानात बसल्यासारखी.

पण सावली मनगटापाशी ठरेना. काकांचा हात थरथरत होता. त्यांनी दुसऱ्या हातानं तो घट्ट धरून बघितला, तर जास्तच थरथरायला लागला. ते माझ्याकडे बघायला तयार नव्हते.

मी शेजारी बसलो आणि त्यांच्या कोपराला खालून आधार दिला.

"काका," मी म्हणालो, "हात सैल सोडा."

त्यांनी सोडला. सावली मनगटावर ठरली.